ओल कोणाची?

भाचीला खोली बघताक्षणी आवडली. राणेनगरात दुसरा मजला, वन आरके, समोर गुलमोहर, खिडकीला बसता येईल एवढा कट्टा. ती खिडकीशी गेली, मी पश्चिमेच्या भिंतीशी. जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस अजून कसारा घाट चढून आला नव्हता आणि भिंत ठणठणीत कोरडी होती. तरी मी तळहात टेकवून उभी राहिले.

"आत्या, ताप बघतेयस का तिचा?"

एजंट हसला. मला हसू आलं नाही, कारण बोटांखाली रंगाचा पोत बदलत होता. कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा नवा होता. ऐन उन्हाळ्यात एवढाच तुकडा रंगवायची वेळ का यावी, याचं उत्तर नाशिकमध्ये जुलैत मिळतं. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि बाहेरच्या प्लास्टरला चीर गेलेली असेल तर आतल्या रंगावर नकाशे उमटतात.

"इथे ओल येते का हो?"

"छे छे मॅडम, ते नुसतं टचअप आहे."

हा शब्द मला २००४ साली माहीत नव्हता. तेव्हा तो ३,५०० रुपयांना पडला.

तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. सासरचं घर लहान, नणंदेचं लग्न ठरलेलं, म्हणून आम्ही दोघं सिडकोत उत्तमनगरला, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. नवऱ्याला सातपूरची कंपनी जवळ, मला क्लास जवळ. खाली मालक-मालकीण राहायचे. त्यांना काका-काकू म्हणायचं हे पहिल्याच दिवशी न ठरवता ठरून गेलं. भाडं १,८०० रुपये, डिपॉझिट १०,०००. डिपॉझिटसाठी माझी एक बांगडी सोनाराकडे गेली होती, हे सासूबाईंना आजतागायत माहीत नाही.

करार म्हणजे शंभराच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेलं दीड पान आणि खाली नोटरीचा गोल शिक्का. मी सही केली, वाचलं नाही. काकूंच्या हातचा चहा पिऊन झाल्यावर त्यांच्याच समोर बसून एकेक अट वाचायची म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. एवढंच कळलं की अकरा महिन्यांचा आहे आणि सगळे असाच करतात.

पहिल्याच पावसाळ्यात पलंगामागच्या भिंतीला ओल धरली. आधी चहाच्या डागासारखी, मग पोपडे. जिन्यात काकू भेटल्या तेव्हा सांगितलं. "पाऊस संपला की बघू हं," म्हणाल्या. पाऊस संपला, दिवाळी झाली, भिंत वाळली आणि मीही विसरले. पुढच्या पावसात पुन्हा तेच. दोन वर्षांनी घर सोडताना काका वही घेऊन बसले. रंगाचे इतके, नळाचे इतके, कडीचे इतके. हातात ६,५०० ठेवले.

"काका, ती ओल बाहेरून येत होती. आम्ही आलो तेव्हाही होती."

"नाही हो. आमच्या मुलाच्या लग्नात आख्खं घर रंगवलं होतं. भिंत कोरी करकरीत दिली होती तुम्हाला."

ते मोठ्याने बोलले नाहीत, नजर चुकवली नाही. मी पुढची कितीतरी वर्षं त्यांना मनातल्या मनात लबाड म्हणत आले. अलीकडे म्हणत नाही. त्याचं कारण माझ्याच घरातल्या एका फळीवर आहे, तिच्याकडे येतेच.

भाची कळवणहून आली ती एक बॅग, एक कुकर आणि अंबडच्या कंपनीचं नेमणूकपत्र घेऊन. आमचं घर जेलरोडला. तिथून अंबड म्हणजे शहराचं दुसरं टोक, आणि तिची पहिली पाळी सकाळी सातची. त्यामुळे "चार दिवस राहते, तोवर रूम बघू" असं ठरलं. चार दिवसांचे सोळा झाले. त्या सोळा दिवसांत जेवणं झाल्यावर ओट्याशी उभं राहून आमच्या ज्या गप्पा झाल्या, त्याच इथे लिहिते आहे. मला त्या कोणी सांगितल्या नव्हत्या.

तिचा पहिला प्रश्न साधाच होता. करार अकराच महिन्यांचा का?

कारण १९०८चा नोंदणी कायदा. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून बारावा महिना यायच्या आत संपवायचं, की नोंदणी नको आणि तिचा खर्च नको. देशभर चालत आलेली ही पळवाट. पण महाराष्ट्रात ती बंद झालेली आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदत जागा वापरू द्यायचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मग तो अकरा महिन्यांचा असो की सहा. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यात आणखी एक गंमत आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे काका वही उघडून बसले होते तेव्हा कायदा सहा वर्षांचा झाला होता आणि निदान डिपॉझिटच्या अटींबाबत तरी तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला असता. मला माहीत नव्हतं, काकांना माहीत नव्हतं. नोटरीला मात्र माहीत असणार, असा माझा दाट संशय आहे.

आणि खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. कराराच्या मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. भाचीसाठी आम्ही ७,५०० भाडं आणि २०,००० डिपॉझिट धरून आकडेमोड केली, तर शुल्क दोनशेच्या जरा वर गेलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी मग एजंट घरी मशीन घेऊन येतो त्याची फी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर करार भरायचा, आधारसाठी अंगठा, वेबकॅमसमोर फोटो, झालं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दिवस घालवावा लागत नाही. हा खर्च मालक-भाडेकरू निम्मा-निम्मा वाटून घेताना मी पाहिले आहेत, सगळा भाडेकरूच्या गळ्यात घालणारेही पाहिले आहेत. टोकन, म्हणजे खोली अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, द्यायच्या आधी विचारावं.

भाचीने फोनवर एक रील दाखवलं. त्यात एक वकीलसाहेब बोट नाचवत सांगत होते की दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे. ते २०२१ साली केंद्राने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल बोलत होते. तो नमुना आहे. राज्य स्वीकारेल तिथे लागू. आपल्याकडे १९९९चाच कायदा चालतो आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला वरची मर्यादा नाही. ते रील घेऊन ती मालकाशी भांडायला गेली असती तर पंचाईत होती. मालकही तेच रील बघत असतात, फक्त त्यांच्या सोयीचं.

दुसरी गोष्ट तिला पटायला वेळ लागला. रोजच्या बोलण्यात आपण भाडेकरू, पण लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. त्याला जागा वापरायची परवानगी असते, जागेत हक्क नसतो. हा फरक कागदी वाटतो, पण तो दुरुस्तीच्या वेळी नडतो. भाडेकरूसाठी कायद्यात चांगली तरतूद आहे: घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, त्याने टाळलं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. पण परवान्यावर राहणाऱ्याने हे कलम तोंडावर फेकलं तर समोरचा वकील हसून बाजूला होईल. आपल्यासाठी खरा कायदा म्हणजे आपण सही करतो ते कागद. त्यात लिहिलं ते आपलं.

"म्हणजे वाचायचंच," भाची म्हणाली.

"चहा प्यायच्या आधी," मी म्हटलं.

उलट बाजूही तिला सांगितली. मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो, आणि ताबा मिळवायला त्याला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. म्हणजे ताब्याचा रस्ता त्या अर्जातून जातो. भाडेकरू गावी गेल्यावर कुलूप बदलून सामान जिन्यात ठेवणं, हा तो रस्ता नाही.

खोल्या बघताना जे कानावर पडलं, त्याचा एक वेगळाच लेख होईल. "एकटीच राहणार? मित्रबित्र येणार नाहीत ना?" "नॉनव्हेज चालणार नाही." आडनावावरून अंदाज आला नाही की "तुमचं मूळ गाव कोणतं" आणि मग "तुमच्यात काय चालतं". भाची हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि रिक्षात बसल्यावर नक्कल करून दाखवायची. मला हसताना लाजही वाटायची, कारण पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटसाठी पहिला भाडेकरू शोधताना मीही गाव विचारलं होतं.

पाथर्डी फाट्यालाच एका दलालाने फोनवर २,००० रुपये टोकन मागितलं. "कुंभ येतोय मॅडम, २०२७ला भाडी कुठल्या कुठे जातील, तिघं रांगेत आहेत." मी म्हटलं, मालकाच्या नावाचं लाइट बिल आणि घरपट्टीची पावती पाठवा, दोन्हींवर एकच नाव दिसलं की लगेच पाठवते. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. सिंहस्थाचं निमित्त या वर्षी सगळ्यांच्या तोंडी आहे. पण करारात ठरलेलं भाडं त्या मुदतीत ठरलेलंच असतं. वाढ हवी असेल तर नूतनीकरणाच्या वेळी किती, ते आधीच आकड्यात लिहून घ्यावं.

आता ती फळी.

तो पाथर्डी फाट्याचा फ्लॅट आम्ही कर्ज काढून घेतला. दोन वर्षं तिथे राहिलो, मग सासूबाईंसाठी जेलरोडला परत आलो आणि तो भाड्याने दिला. तेव्हापासून मी मालकीण आहे. हा शब्द अजून अंगावर नीट बसत नाही, उसना शालू नेसल्यासारखा. पण बसत नाही असं म्हणत म्हणत माणूस त्याची सवय लावून घेतो. पहिल्यांदा भाडं चार दिवस उशिरा आलं तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य गेलं, ते शब्दशः काकूंचं होतं.

पहिल्या भाडेकरूंनी मला एक धडा दिला. तिघं मुलं, सज्जन, भाडं वेळेवर. फ्लशची टाकी आतून गळत होती, तीन महिने. त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या मते, "काकूंना कशाला त्रास." पाणी भिंतीत मुरलं आणि मला फोन आला तो खालच्या मजल्यावरच्या बाईंचा, त्यांच्या बाथरूमचं छत ठिबकायला लागल्यावर. वॉशर बदलून सुटलं असतं ते काम फरशा उखडण्यावर गेलं. खर्च कोणाचा? पाइप माझा, गप्प बसणं त्यांचं. शेवटी मी दोन वाटे केले आणि दोघंही नाराज झालो. तेव्हापासून करारात एक ओळ घालते: गळती, ओल, शॉक, जळका वास, काहीही दिसलं की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर लेखी कळवायचं. कळवलं की ते माझं. नाही कळवलं तर वाढलेलं नुकसान त्यांचं. २००४च्या मला कोणीतरी ही ओळ द्यायला हवी होती, दोन्ही बाजूंनी.

त्यांच्यानंतर आलेला मुलगा लातूरकडचा, एका औषध कंपनीत. पहिल्या दिवशी किल्ली घेतली आणि रात्री त्याने मला एकतीस फोटो पाठवले. भिंती, कोपरे, नळ, खिडक्यांचे कडीकोयंडे, मीटरवरचं रीडिंग, बाथरूमच्या दाराची खालची कड. मी नवऱ्याला म्हटलं, "हा काय पंचनामा करतोय की काय!" आणि थोडं लागलंच मला.

दोन वर्षांनी तो गेला. घर बघायला गेले, तर ओट्याशेजारच्या सनमायकाच्या फळीवर काळा गोल डाग. तापलेली कढई थेट टेकवली की पडतो तसा. मी सुताराला विचारलं, त्याने १,२०० सांगितले, मी तेवढे वळते करून बाकीचं डिपॉझिट पाठवते असं त्या मुलाला अगदी सभ्य भाषेत कळवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. एकच फोटो. फळी, डाग, आणि वर पहिल्या दिवसाची तारीख. मी तो तेव्हा पाहिलेला होता, निळ्या खुणा दिसत होत्या.

मी फोन नवऱ्यापुढे धरला. तो म्हणाला, "अगं, शंकरपाळ्यांची कढई तूच नाही का ठेवलीस, तिथल्या पहिल्या दिवाळीत?"

मला आठवलं नाही. आजही धडपणे आठवत नाही. फळी स्वच्छ होती हे मी शपथेवर सांगितलं असतं, कोर्टात, देवासमोर, कुठेही. आणि ज्या क्षणी हे लक्षात आलं, त्या क्षणी उत्तमनगरचे काका डोळ्यांसमोर आले, वही मांडीवर घेऊन बसलेले. मुलाच्या लग्नात रंगवलेलं घर त्यांना आठवत होतं. त्यानंतर भिंतीवर दोन पावसाळे गेले असतील हे आठवत नव्हतं. मला माझी ओल आठवत होती, पण मी ती घेतल्या दिवसापासून होती म्हणाले, आणि खरं सांगायचं तर घेतल्या दिवशी, मार्चच्या उन्हात, मी भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. तेव्हा मीही खोटंच बोलले होते, आणि मला ते कळलं नव्हतं.

त्या मुलाला मी पूर्ण डिपॉझिट पाठवलं आणि माफी मागितली. "असू दे काकू," म्हणाला. काकू!

म्हणून भाचीसाठी बोलणी करताना मी कधी आत्या होते, कधी मालकीण, आणि दोन्हीकडून भांडत होते. काय कोणाचं, याची ढोबळ वाटणी अशी असते: बल्ब, नळाचं वॉशर, तुंबलेली जाळी, आपल्या हातून फुटलेलं ते राहणाऱ्याचं, भिंतीतले पाइप, वायरिंग, स्लॅबची गळती, पाण्याची मोटर ते मालकाचं. मधला पट्टा भांडणाचा. गिझर मालकाचा आणि त्याची कॉइल दोन वर्षांनी जळली, तर? नाशिकच्या थंडीत हा प्रश्न डिसेंबरच्या पहाटे साडेपाचला पडतो, तेव्हा चर्चा करायच्या मनःस्थितीत कोणी नसतं. सोसायटीत सोलर असेल तर आपल्या मजल्यावर खरंच गरम पाणी येतं का, ते सकाळी जाऊन नळ सोडून बघावं. महापालिकेचं पाणी किती वाजता आणि बोअरचं कधी, हे एजंटला विचारू नये, त्याला सगळीकडे चोवीस तास पाणी दिसतं. जिन्यात भेटणाऱ्या बाईला विचारावं.

वापराने होणारी झीज हा शब्दप्रयोग करारात असायलाच हवा. दोन वर्षं माणूस राहिला तर रंग मळणारच, त्याचे पैसे भाड्यातच आले. भोकं पाडून टीव्ही लावला, तर ती भोकं आपली. मेंटेनन्स कोण देणार ते लिहावं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो जादा आकार घेते, तो सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि तो भाडेकरूने द्यायचा असेल तर तसं आधी बोललं पाहिजे, तिसऱ्या महिन्यात वॉचमनच्या हाती चिठ्ठी पाठवून नाही. भाडं यूपीआयने द्यावं आणि कुठल्या महिन्याचं ते सोबत लिहावं. रोख दिलं तर पावती, ती देणं मालकाला बंधनकारकच आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवायची ती मालकाने, राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही कळवता येते. लॉक-इन आणि नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: लॉक-इन म्हणजे ज्या मुदतीत घर सोडलं तरी भाडं भरावं लागतं ती, नोटीस म्हणजे सोडण्याआधी किती दिवस कळवायचं ते. भाचीला प्रोबेशन सहा महिन्यांचं, आणि एक मालक लॉक-इन अकरा महिन्यांचा मागत होता. नोकरी सुटली तरी भाडं सुटणार नाही अशी रचना. तिथून आम्ही उठलो.

आणि मालकाने घरात कधी यावं? घर पाहायचा हक्क मालकाला आहे, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. हे मला मालकीण म्हणून शिकावं लागलं. माझ्याकडे जादा किल्ली होती आणि एकदा मी प्लंबरला घेऊन न सांगता गेले. दार उघडलं तर दोरीवर मुलांचे कपडे, गादीवर उघडं पुस्तक, अर्धा चहा. माझंच घर, पण दुसऱ्याच्या घरात घुसल्यासारखी मी उंबऱ्यावर थांबले. प्लंबर मागून म्हणाला, "ताई, आत चला ना." त्यानंतर ती किल्ली पाकिटात घालून, पाकीट चिकटवून ठेवलं.

भाचीच्या मनात मध्येच पंचवटीचं भरलं होतं. गंगेजवळ, म्हणजे गोदावरीजवळ, जुना वाडा, कमी भाडं, फोटो छान येतात. मी तिला घेऊन गेले. वाड्याचा दगडी चौक पाहून मलाही मोह झाला. पण तळमजल्याच्या भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीला एक फिकट रेघ होती. विचारलं, तर शेजारच्या आजोबांनी सहज सांगितलं, "२०१९ची." २००८ची त्याहून कुठे होती तेही हाताने दाखवलं. गंगेला पाणी कुठवर आलं हे इथे अजून नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं. खोली बघताना तेवढं तरी विचारावं. शिवाय त्या वाड्यातला देणारा स्वतःच पागडीवर, म्हणजे मालकाला आधी मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने, राहणारा निघाला. पागडीचा व्यवहार १९९९च्या कायद्याने मान्य केला आहे, पण मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणं ही वेगळी गोष्ट. आम्ही रामकुंडावर थोडा वेळ बसलो, चहा घेतला आणि सिडकोत परतलो.

शेवटी खोली मिळाली ती पवननगरला. तळमजल्यावर सत्तरीच्या आजी, वर भाचीची खोली, मुलगा पुण्याला. भाडं ७,०००. मुलाने करार मेलवर पाठवला, मी आणि भाचीने तो जेलरोडला ओट्याशी बसून दोनदा वाचला, चार ओळी वाढवल्या, एक काढायला लावली. नोंदणीच्या दिवशी आजींचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्या होत्या. एजंटने ओल्या फडक्याने बोटं पुसली, एक, दोन, पाच वेळा. आजी म्हणाल्या, "मेल्यावं का रे घेणार हाय ते?" सहाव्या वेळी करंगळीशेजारच्या बोटाने हिरवा दिवा लागला.

सामान चढवायच्या आधी भाची रिकाम्या खोलीत फोन घेऊन फिरत होती. भिंती, कोपरे, मीटर, नळ. पश्चिमेच्या भिंतीचे तीन. आजी गुडघ्यावर हात ठेवून वर चढून आल्या आणि दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, मी पंचनामा म्हटलं होतं तसं. त्या आत आल्या, सिंकखालचं दार उघडलं आणि पायाने दाखवलं.

"हा बी काढ फोटो. फरशी फुटली हाय. मागल्या पोरानं फोडली. त्याचे पाचशे कापून घेतले मी."

फरशी तशीच फुटलेली होती, मधोमध, आणि फटीत जुना मळ बसला होता. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. ती खाली वाकली आणि तिने दोन फोटो काढले, एक जवळून, एक लांबून.